पहिल्यांदाच घरी डिटेलिंग करताना : वाचकांचे प्रश्न

गाडीच्या देखभालीविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार डोकावतो. गाडी स्वतःच्या हाताने, मन लावून स्वच्छ करण्याची इच्छा असते. पण आरंभ कुठून करावा ते कळत नाही आणि आपल्याच हातून रंग खराब होईल अशी धास्ती वाटत राहते. ही धास्ती अनाठायी नाही, कारण रंगावर दिसणारे बारीक ओरखडे बहुतांशी रस्त्यावर पडलेले नसतात. ते गाडी धुताना आणि पुसताना पडलेले असतात. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर जागेअभावी आटोपशीर केला आहे.

प्रश्न : आजवर मी गाडी दुसऱ्याकडूनच धुऊन घेत आलो. आता घरी डिटेलिंग करून पाहायचे आहे. साध्या धुण्यापेक्षा हे वेगळे कसे आणि पहिल्या वेळी नेमके काय करावे? दुकानातल्या बाटल्यांच्या रांगा पाहून मी गोंधळून गेलो आहे.

उत्तर : धुतल्याने सैल मळ निघून जातो. डिटेलिंगमध्ये त्याच्या पुढे जाऊन रंगाला, काचेला, चाकांना आणि आतल्या कापडाला चिकटून राहिलेला मळही त्या त्या पृष्ठभागाला न दुखावता काढायचा असतो, आणि तो पुन्हा लवकर बसू नये म्हणून वर संरक्षक थर द्यायचा असतो. कामाचा क्रम साधारणपणे असा असतो : आधी चाके, मग धुलाई, त्यानंतर चिकटलेला मळ काढणे, गरज असल्यास पॉलिश, मग संरक्षक थर आणि शेवटी आतली बाजू. यांतले पॉलिश पहिल्या वेळी पूर्णपणे वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीची सगळी कामे नीट केली तर गाडीत पडणारा फरक पाहून तुम्हाला स्वतःलाच आश्चर्य वाटेल. आणि ही कामे हाताला सरावलेली नसताना पॉलिशचे मशीन हाती घेणे म्हणजे पाया न घालता भिंत उभी करण्यासारखे आहे.

सामान थोडकेच लागते. दोन बादल्या आणि चाकांसाठी तिसरी जुनी बादली, गाडीसाठीच तयार केलेला शाम्पू, लांब धाग्यांचा मायक्रोफायबरचा हातमोजा, गाडी कोरडी करण्यासाठी एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, पाच-सहा लहान फडकी आणि चाकांसाठी मऊ ब्रश एवढ्यावर पहिली धुलाई उत्तम होते. भांडी घासण्याचा साबण मात्र वापरू नये. त्याने चिकटपणा निघतो हे खरे, पण त्यासोबत रंगावरचे वॅक्स, म्हणजे मेणाचा संरक्षक थरही निघून जातो. शिवाय गाडीच्या शाम्पूचे अर्धे काम मळ काढण्याचे आणि अर्धे काम हातमोजा रंगावरून बुळबुळीतपणे सरकवण्याचे असते, आणि ते दुसरे काम भांड्यांच्या साबणाला नीट जमत नाही.

गाडी सावलीत उभी करून बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. पत्रा गरम लागत असेल तर तो निवेपर्यंत थांबावे. कामाला चाकांपासून सुरुवात करावी. चाकांवर ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून निघालेले लोखंडाचे बारीक कण बसलेले असतात. चाके शेवटी घासली तर ते काळे पाणी नुकत्याच स्वच्छ केलेल्या दारांवर उडते. चाकांचा ब्रश, बादली आणि फडके यांचा रंगाशी पुन्हा कधीही संबंध येऊ देऊ नये. त्यानंतर हात न लावता, टपापासून खाली, संपूर्ण गाडीवर भरपूर पाणी सोडावे. या टप्प्यावर जितकी माती निघून जाईल तितकी हातमोज्याखाली कमी येईल, म्हणून इथे घाई करू नये. प्रेशर वॉशर वापरत असाल तर नोझल रंगापासून किमान एक फूट दूर ठेवावे, आणि जिथे रंगाचा टवका उडालेला आहे तिथे फवारा थेट मारू नये, कारण पाण्याचा झोत त्या कडेखाली शिरून रंग आणखी सोलवटतो.

आता दोन बादल्यांची गोष्ट. एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत नुसते स्वच्छ पाणी घ्यावे. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्याच्या बादलीत चांगला खळबळून पिळावा आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत बुडवावा. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ एकदा अवश्य पाहावा. तळाशी बोटाला कचकचणारा जो गाळ बसलेला दिसेल, तो एकच बादली वापरली असती तर पुन्हा पुन्हा तुमच्या रंगावरून फिरला असता. धुण्याचा क्रम टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर असा ठेवावा, कारण सर्वांत खरखरीत माती खालीच असते. हात हलका ठेवून सरळ रेषेत फिरवावा. मळ निघत नाही म्हणून दाबून घासण्याचा मोह झाला, तर तिथे शाम्पूचा फेस मिनिटभर राहू द्यावा आणि पुन्हा हलक्या हाताने पुसावे.

शेवटचे पाणी देताना पाइपचे नोझल काढून टाकावे आणि पाण्याची सलग धार टपावरून वाहू द्यावी; फवाऱ्यामुळे उरतात ते असंख्य थेंब या धारेबरोबर वाहून जातात. टॉवेल रंगावर पसरून त्याचे दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढावा, घासू नये. आरशांच्या खाचा, दारांच्या मुठी, इंधनाचे झाकण आणि दारांच्या आतल्या कडा यांतून पाणी बराच वेळ ओघळत राहते, तिथे वेगळे फडके फिरवावे. हे सगळे झाल्यावर मोकळ्या जागी गाडी थोडी चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबावेत. ओल्या डिस्कवर गंजाचा पातळ थर फार लवकर धरतो आणि तो असा सहज निघून जातो.

प्रश्न : मी गाडी दर आठवड्याला धुते, तरी उन्हात पाहिले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात. मी हात कधीच गोल फिरवत नाही. मग या रेषा येतात कुठून आणि त्या जातील का?

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि तुम्ही हात सरळच फिरवत असाल यातही मला शंका नाही. रंगावर सर्व दिशांनी बारीक, सरळ ओरखडे पडलेले असतात. सूर्याचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब जिथे दिसते त्याच्या आजूबाजूचे जे ओरखडे प्रकाशाच्या वाटेला आडवे असतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात, आणि बाकीचे दिसतच नाहीत. त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळे काढल्यासारखा भास होतो. तुम्ही बाजूला सरकलात की ती वर्तुळेही तुमच्याबरोबर सरकतात. ढगाळ दिवशी हीच गाडी निर्दोष वाटते.

ओरखडे पडतात कुठे, हे समजण्यासाठी रंगाचे थर पाहावे लागतील. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी आजच्या बहुतेक गाड्यांची रचना असते. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि त्यांतला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची चमक, रंगाची खोली आणि उन्हापासूनचे संरक्षण या सगळ्याचा भार केसाहूनही पातळ अशा एका थरावर आहे. वाळूचा एखादा कण फडक्यात अडकून त्या थरावरून फिरला की एक बारीक चर उमटतो आणि प्रत्येक धुलाईत त्यात भर पडत जाते.

तुमच्या पत्रात पुढे असेही आहे की, दोन धुलायांच्या मधल्या दिवसांत तुम्ही रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकता. माझ्या मते मुख्य कारण तिथेच आहे. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे हे अतिशय बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. त्या सवयीमागची आस्था मला कळते, पण ती आजच सोडा. रोज पुसलेल्या गाडीपेक्षा आठवडाभर धूळ बसू दिलेली आणि मग भरपूर पाण्याने धुतलेली गाडी कितीतरी वर्षे अधिक चांगली राहते.

पडलेले ओरखडे धुण्याने जाणार नाहीत. वॅक्सने ते काही काळ झाकले जातात, पण घालवायचे तर पॉलिशच करावे लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे. मात्र धुण्याची पद्धत आधी सुधारावी. नाहीतर पॉलिश करून क्लिअर कोटही पातळ होईल आणि दोन महिन्यांत ओरखडेही परत येतील.

प्रश्न : गाडी धुऊन वाळल्यावर काळ्या रंगावर पांढरी वर्तुळे उमटतात. पुन्हा धुतले तरी जात नाहीत.

उत्तर : हे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. पाणी उडून जाते आणि थेंबाच्या कडेला क्षार साचतात, म्हणून डाग वर्तुळाकार दिसतो. शाम्पूने तो विरघळत नाही, सौम्य आम्लाने विरघळतो. पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी एकत्र करून त्यात भिजवलेले फडके डागावर अर्धा मिनिट ठेवावे, हलकेच पुसावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे, आणि गरम पत्र्यावर तर हे मुळीच करू नये. आम्लाने वरचे वॅक्सही जाते, म्हणून त्या जागी ते पुन्हा लावावे. डाग पुसल्यावरही बोटाला न लागणारी, पण नजरेला दिसणारी फिकट कडा उरली, तर क्षारांनी क्लिअर कोट थोडा खाल्ला आहे असे समजावे. त्यावर व्हिनेगरचा उपाय चालत नाही. यापुढे पाणी जड असेल तर गाडीचा एकेक भाग धुऊन लगेच पाणी द्यावे, आणि एकही भाग आपोआप वाळू देऊ नये.

प्रश्न : स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवरून हात फिरवला तरी तो खरखरीत का लागतो? क्ले नावाचा प्रकार वापरावा असे ऐकले. तो नवशिक्याला जमेल का?

उत्तर : जमेल. किंबहुना पहिल्या डिटेलिंगमध्ये सर्वाधिक समाधान देणारा टप्पा हाच आहे. आधी एक प्रयोग करा. धुतलेल्या, कोरड्या रंगावरून उघडे बोट फिरवा. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तेच बोट त्याच जागी फिरवा. जो भाग मघाशी गुळगुळीत वाटला होता, तिथे आता बारीक रवाळ कण स्पष्ट जाणवतील, कारण त्वचेची पकड नाहीशी झाली की बोटाला पृष्ठभागाचा चढउतार अधिक चांगला कळतो. हे कण ब्रेकमधून उडालेल्या लोखंडाचे, डांबराचे, झाडांच्या चिकाचे आणि कधी जवळपास झालेल्या रंगकामाच्या फवाऱ्याचे असतात. ते रंगावर नुसते पडलेले नसतात, त्यात रुतून बसलेले असतात.

लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण फवारले की ते जिथे जिथे लोखंडाला भिडते तिथे जांभळे होते आणि पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, पण घाबरण्याचे कारण नाही. त्याचा वास उग्र असतो, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करावे आणि द्रावण वाळण्यापूर्वी पूर्ण धुऊन टाकावे. डांबराच्या ठिपक्यांसाठी वेगळे द्रावण मिळते.

यानंतर जे उरेल त्यासाठी क्ले. ती मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते. तिचा एक लहान तुकडा घेऊन चपटा करावा, रंगावर क्लेचे वंगण किंवा शाम्पूचे पाणी सढळ हाताने फवारावे आणि तुकडा जराही न दाबता पुढे-मागे सरकवावा. सुरुवातीला तो किंचित अडखळतो, बारीक खरखर ऐकू येते, आणि मग अचानक तो काचेवरून घसरावा तसा घसरू लागतो; तो भाग झाला असे तेव्हा समजावे. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन पुरे. तुकडा वारंवार उलटून पाहावा, काळा झालेला भाग आत दुमडून पुन्हा मळावा. तुकडा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा. तो धुऊन पुन्हा वापरण्याचा विचार मनात येईल, पण त्यात रुतलेला वाळूचा एखादा कण नजरेला दिसणार नाही आणि बॉनेटवर मात्र लांबलचक रेघ ओढून जाईल. क्लेमुळे जुने वॅक्स निघते, आणि क्ले कितीही जपून फिरवली तरी तिचे पुसट माग राहू शकतात. त्यामुळे पिशवीच्या प्रयोगात रंग गुळगुळीत लागला तर क्लेची गरज नाही. वर्षातून एक-दोन वेळा पुरेसे होते.

प्रश्न : मी पॉलिशचे मशीन विकत घेण्याच्या विचारात आहे. पहिल्याच प्रयत्नात गाडी नवीसारखी करता येईल का?

उत्तर : मशीन घेण्यास हरकत नाही, पण पहिल्याच प्रयत्नात संपूर्ण गाडीवर ते चालवू नका. पॉलिश म्हणजे ओरखडा भरून काढणे नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून समतल करणे म्हणजे पॉलिश. जे घासले गेले ते परत येत नाही. कंपाउंड, म्हणजे भरड पॉलिश, अधिक घासते; बारीक पॉलिश कमी घासते. पण वजाबाकी दोन्हींत आहे.

मशीनचे दोन मुख्य प्रकार आहेत. रोटरी मशीनचे पॅड, म्हणजे रंगावर घासणारी मऊ चकती, एकाच अक्षाभोवती गरगर फिरते, त्यामुळे ते झपाट्याने घासते आणि एका जागी उष्णता साठवते. ड्युअल अॅक्शन मशीनचे पॅड फिरता फिरता हेलकावेही घेते; फार दाब पडला तर त्यातल्या बहुतेक मशीनचे फिरणे थांबते, आणि शिकणाऱ्याला हाच गुण वाचवतो. तुम्ही दुसऱ्या प्रकारचेच मशीन घ्यावे. मी शिकत असताना हाती रोटरी होते. बॉनेटच्या पुढच्या कडेवर एक ओरखडा राहिला म्हणून मी मशीन तिथेच काही क्षण धरून ठेवले, आणि पॅड उचलले तेव्हा त्या कडेवर नखाएवढा करडा प्रायमर उघडा पडला होता. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर एकवटतो, हे मला त्या दिवशी कळले. ती जागा पुन्हा रंगवून घ्यावी लागली. तेव्हापासून मी कडा, पत्र्यावरच्या उठावदार रेषा आणि रबर-प्लास्टिकचे भाग यांवर आधी मास्किंग टेप चिकटवल्याशिवाय मशीन सुरू करत नाही, आणि तुम्हीही करू नये.

कामाची रीत अशी ठेवावी. गाडी धुऊन, क्ले करून, कोरडी केल्यावर डिकीवर किंवा दारावर दोन फुटांचा चौकोन टेपने आखून घ्यावा. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश यांपासून सुरुवात करावी. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन बंद असताना पॅड रंगावर टेकवून पॉलिश पसरावे, मग मध्यम वेगावर, पॅड सपाट ठेवून, आडव्या आणि उभ्या फेऱ्या सावकाश माराव्यात. चार-पाच फेऱ्या झाल्या की थांबावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून त्याने ती जागा पुसावी, म्हणजे पॉलिशमधल्या तेलाने झाकलेले ओरखडे उघडे पडतात, आणि मग टॉर्च धरून आखलेला चौकोन बाजूच्या रंगाशी ताडून पाहावा. समाधानकारक फरक दिसला तर तीच जोडी इतरत्र वापरावी. नाही दिसला तरच एक पायरी वर चढावे. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने घालवण्याचा हट्ट धरू नये. तो क्लिअर कोटमध्ये खोल गेलेला किंवा त्याच्या पार झालेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो नाहीसा होण्याआधी आजूबाजूचा थरच संपायचा.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मॅट, म्हणजे मुळातच चमक नसलेल्या, रंगाच्या गाडीला पॉलिश करू नये आणि चमक आणणारे वॅक्सही लावू नये. तिथे चमकलेला ठिपका पुन्हा मॅट होत नाही. आणि एखाद्या भागाचे रंगकाम नुकतेच झाले असेल तर तिथे वॅक्स किंवा कोटिंग लावण्यापूर्वी किती दिवस थांबायचे ते रंगकाम करणाऱ्यालाच विचारावे. रंगातील द्रावक पूर्ण उडून जाण्यासाठी बहुधा ३० ते ९० दिवस थांबण्यास सांगितले जाते.

प्रश्न : वॅक्स लावावे की सिरॅमिक कोटिंग करावे? ९एच कोटिंगवर ओरखडा पडत नाही हे खरे का?

उत्तर : नाही. ९एच हे मोजमाप पेन्सिलीच्या कठीणपणाचे आहे. अमुक इतक्या कठीण पेन्सिलीने त्या थरावर ओरखडा उमटला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. वाळूचा कण पेन्सिलीच्या शिशापेक्षा पुष्कळ कठीण असतो, आणि कोटिंग केलेली गाडीसुद्धा चुकीच्या धुण्याने ओरखडतेच.

वॅक्समधला नामांकित घटक म्हणजे कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण साठते आणि पानातले पाणी उडून जाण्यापासून वाचवते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे नैसर्गिक मेणांमध्ये ते फार कठीण मानले जाते. गाडीवर मात्र ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. सीलंट, म्हणजे मेणाऐवजी वापरायचा कृत्रिम संरक्षक लेप, त्याहून जास्त टिकते. सिरॅमिक, म्हणजे सिलिकावर आधारित, कोटिंग वर्षभर आणि अधिकही टिकते, पण ते लावताना झालेली चूकही तितकीच टिकते : थर पुसण्यास उशीर झाला तर जादा राहिलेल्या थराचे उंचवटे डागांसारखे तसेच घट्ट बसतात आणि ते पॉलिश करूनच काढावे लागतात, शिवाय त्याखाली जे ओरखडे असतील तेही जपून ठेवले जातात. पहिल्या वेळी वॅक्स किंवा फवारून पुसण्याचे सीलंट लावा. थर अगदी पातळ असावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात.

प्रश्न : आतली बाजू स्वच्छ करताना कशाची विशेष काळजी घ्यावी? डॅशबोर्ड चकचकीत करणारे द्रावण मी सगळीकडे मारतो.

उत्तर : ते सगळीकडे मारणे आधी थांबवा. सिलिकॉन असलेले द्रावण स्टिअरिंगवर किंवा पेडलवर गेले तर हात-पाय निसटतात, आणि डॅशबोर्डवरची चकाकी समोरच्या काचेत परावर्तित होऊन डोळ्यांवर येते. डॅशबोर्ड नवा असताना मंद, कोरडाच दिसत होता; ओलसर मायक्रोफायबरने पुसला की तो पुन्हा तसाच दिसू लागतो.

आतले काम वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे न्यावे. पायाखालच्या मॅट बाहेर काढून, मऊ ब्रशने खाचांतली धूळ सोडवत सोबतच व्हॅक्यूम फिरवावा. ओले फडके आधी लावले तर धुळीचा चिखल होऊन तो खाचांत बसतो. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून खाली साफ करावे, पण तिथल्या तारांना, विशेषतः पिवळ्या जोडणीला, धक्का लावू नये. ती बहुधा एअरबॅगच्या यंत्रणेची असते. कापडी सीटवर पाणी ओतू नये. फेस करून तो ब्रशने लावावा, कोरड्या फडक्याने टिपावा आणि दारे उघडी ठेवून सीट पूर्ण वाळू द्यावी, कारण आत राहिलेली ओल काही दिवसांत कुबट वासाच्या रूपाने परत येते. आजच्या बहुतेक गाड्यांतील चामड्यावर संरक्षक रंगलेप असतो, म्हणून त्याला तेल पाजण्यापेक्षा घामाचा आणि मळाचा थर सौम्य द्रावणाने वरचेवर पुसणे अधिक मोलाचे आहे. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडवावा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा आणि वाळल्यावरच आत सोडावा. ब्लीच किंवा तीव्र रसायन त्याला अजिबात लावू नये, त्याच्या धाग्यांवर जीव अवलंबून असतो. स्क्रीनवर थेट काही न फवारता फडके किंचित ओलसर करून पुसावे.

काचांना फिल्म लावलेली असेल तर अमोनिया नसलेले द्रावण घ्यावे. काच खाली थोडी उतरवून वरची कडही पुसावी, तिथे मळाची रेघ हमखास राहते. आणि एक छोटी युक्ती : काच आतून आडवी आणि बाहेरून उभी पुसावी, म्हणजे मागे राहिलेला ओघळ कोणत्या बाजूचा आहे ते त्याच्या दिशेवरूनच कळते.

प्रश्न : गाडी झाडाखाली उभी असते. पक्ष्यांची विष्ठा नखाने खरवडून काढली, तरी खाली डाग राहिला आहे.

उत्तर : विष्ठेत युरिक आम्ल आणि बिया-खडे दोन्ही असतात, म्हणजे ती रंगाला चावतेही आणि खरवडल्यास ओरखडतेही. उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो, वर वाळत जाणारा थर आकसतो, आणि त्या जागेचा पृष्ठभाग कायमचा वेडावाकडा होतो. तुम्हाला दिसतो तो डाग बहुधा हाच आहे. तो सौम्य असेल तर बारीक पॉलिशने फिका होईल. यापुढे गाडीत पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि दोन फडकी ठेवा. ओले फडके विष्ठेवर पाच मिनिटे तसेच ठेवा, ती मऊ झाली की न घासता उचलून घ्या आणि फडक्याची ती बाजू पुन्हा रंगाला लावू नका. हे त्याच दिवशी, शक्यतो ऊन चढण्यापूर्वी करावे.

प्रश्न : मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांसोबत धुतली तर चालतील का? काही धुलायांनंतर ती पाणी शोषेनाशी झाली आहेत.

उत्तर : चालणार नाहीत. मायक्रोफायबर हे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे अतिशय बारीक, चिरलेले धागे असतात, आणि सुती कपड्यांचे तंतू त्यांत अडकून बसतात. कपडे मऊ करण्याचे द्रावण या धाग्यांवर पातळ थर चढवते. तुमची फडकी पाणी शोषत नाहीत याचे कारण बहुधा तेच आहे. ती वेगळी, कोमट पाण्यात, थोड्या द्रव साबणाने धुवावीत, दोनदा खळबळावीत आणि उष्णता न देता सावलीत वाळवावीत. चाकांची, रंगाची आणि काचेची फडकी वेगवेगळ्या रंगांची घेतली तर धुताना आणि वापरताना गफलत होत नाही. वाळलेले प्रत्येक फडके घडी घालण्यापूर्वी गालावरून फिरवून पाहावे. काही टोचले तर ते काढून टाकावे, आणि निघाले नाही तर त्या फडक्याची रवानगी चाकांच्या बादलीत करावी. फडक्याच्या कडेला शिवलेली कंपनीची चिठ्ठी असेल तर ती पहिल्याच दिवशी कापून टाका. तिची कड रंगावर ओरखडे पाडण्याइतकी टणक असते.